ओळंबा

शनिवारी टपावर लोखंडी अँगल बांधून
सियागंजातून निघालेले आम्ही
दोनच्या सुमारास सिमरोलला पोचतो.
दीड बिघा जमीन,
एक बोअर, दोन लिंबं, बाकी लसूण,
आणि गेल्या रविवारी जिथल्या तिथे टाकून गेलेलं सगळं:
फावडं, अर्धी गोण सिमेंट, ऋजुताची एक चप्पल.

श्रीरंगच्या डायरीत कामांची यादी असते.
वीज मंडळातलं अक्षर, सुबक, उजवीकडे झुकलेलं.
खुराड्याचं दार: झालं. (उलटं बसलं. कोंबड्यांची अद्याप तक्रार नाही.)
खताचा खड्डा: झाला. बुजला. पुन्हा.
फाटक: आठवडा तिसरा.

फाटक कशाला, मी विचारलं होतं.
कुंपण मेंदीचं, मेंदीत तीन भगदाडं,
भेरूलालजींची वासरं त्यातून
लग्नघरात शिरावं तशी येतात.
अडवणार कुणाला?
अडवायला नाही गं, तो म्हणाला, उघडायला.
यावर काय बोलणार. मी चहा ठेवला.

खांब उभा करायला दोन माणसं लागतात
आणि एक ओळंबा.
ओळंबा ऋजुताने केला,
सायकलचा जुना नट, पतंगाचा मांजा.
माणसांचं जरा अवघड होतं.

सौमित्र दिवाळीत कोट्याहून परत आला
ट्रंकेसकट, गादीसकट,
तेव्हापासून घरातली बापलेकांची वाक्यं
माझ्यावरून जातात.
त्याला सांग, जेवायला ये.
बाबांना सांग, भूक नाही.
मी म्हणजे एक पोस्ट ऑफिस, सुटी नसलेलं.

पण काँक्रीट कुणाचं ऐकत नाही.
रंगाच्या डब्याने मोजून एकास दोनास चार,
खड्ड्यात ओतलं, ठासलं,
आणि मग खांब धरून उभं राहायचं,
जोवर ते पकड घेत नाही.
किती वेळ? सौमित्रने विचारलं. मला.
चाळीस मिनिटं, श्रीरंग म्हणाला. खांबाला.

मी लसणाच्या वाफ्यात जाऊन बसले.
तिथून दोन पाठी दिसतात,
मध्ये लोखंडाची एक रेघ.
माघाचं ऊन, वारा इकडून तिकडे,
ऐकू काहीच येत नाही.
हराळी उपटता उपटता मी मुळासकट दोन लसूणही उपटले
आणि कुणी पाहायच्या आत परत लावले.

एकदा श्रीरंगची मान हलली.
मग बराच वेळ काही नाही.
मग सौमित्रचे ओठ, पुष्कळ वेळ,
इतका की ऋजुता ओरडली, हलू नका, नट फिरतोय!
दोघेही पुतळ्यासारखे गप्प.
पुन्हा बोलणं. पुन्हा ती ओरडली.

मग सौमित्रचं नाक खाजलं असावं.
दोन्ही हात सिमेंटने भरलेले,
तो खांद्यावर नाक घासू पाहत होता, पोचत नव्हतं.
श्रीरंगने एक हात सोडला,
मनगटाच्या मागच्या, कोरड्या बाजूने
त्याचं नाक खाजवून दिलं,
दोनदा, नीट,
आणि हात परत खांबावर ठेवला.

मी खाली बघून हराळी शोधत राहिले.
त्या वाफ्यात आता एकही काडी उरली नव्हती.

संध्याकाळी भेरूलालजी आले,
एक डोळा मिटून बघत म्हणाले,
थोड़ो आड़ो है, पण टिकेगा.
त्यांच्या मागून वासरू आलं,
नव्या खांबाला अंग घासलं,
आणि नेहमीच्या भगदाडातून परत गेलं.

काय बोलणं झालं, मी विचारलं नाही.
सांगायचं असेल तर पोस्ट ऑफिस माहीत आहे त्यांना.

रविवारी निघताना डायरी गाडीच्या सीटवर उघडी होती.
फाटक: खांब एक झाला. कल अर्धा इंच. राहू दे.
आणि खाली, पेन्सिलीने,
कोट्याच्या वह्यांमधलं ते किरटं अक्षर:
पाऊण इंच.