हाच घेणार असशील तर

नुरझादा, तूही हाच घेणार म्हणतेस,
तर बैस जरा. चहा घे. कप तिथे नको ठेवूस—
बरं, ठेव, ठेव.
गेल्या हिवाळ्यात अख्खी किटली सांडली होती ह्याच्यावर.
बटणांच्या फटींतून आत गेली, बुडाच्या भोकातून खाली आली,
पालथा धरून झटकला, दोन दिवस स्टोव्हजवळ निजवला,
उघडून बघते तर कापडवाल्या साबिरकुलची थकबाकी
होती तिथेच होती.

बटणं खोल आहेत. बोटाला कळतं, आपण काहीतरी दाबलं.
कारा-सूच्या बाजारात चौदा कंटेनरांचा हिशेब ठेवते मी,
मोजे, बादल्या, दप्तरं, थर्मास,
तरी रात्री मनगटं ठणकत नाहीत.
आकड्यांची बटणं उजवीकडे वेगळी आहेत.
दुकानदार हे सांगणार नाही, तो प्रोसेसरच सांगत बसेल.
मागे ढकललास तर सपाट निजतो, तराजूशेजारी.
बुडाचे स्क्रू साधे. तोक्तोसुननं मेमरी वाढवून दिली,
मजुरी म्हणून दोन नान घेतले, तेही गरम हवेत म्हणाला.

आता उणं.
खोक्यावर बॅटरी नऊ तास लिहिली आहे.
खोकं कुठल्यातरी उबदार देशात छापलं असणार.
इथे जानेवारीत, लोखंडी कंटेनरात, तीन.
चार्जर विटेएवढा, आणि विटेइतकाच बोलका.
बोटाचा ठसा थंडीत भेगाळलेल्या बोटाला ओळखत नाही,
मालकीण मी, आणि रोज सकाळी मीच परकी.
आवाज खालून येतो, गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा.
दुभत्या घोडीच्या लाथा म्हणून सोसते.

पडद्याचं मात्र नीट ऐक.
फिका आहे. उन्हात बसलं की आकडे
ताकात टाकल्यासारखे दिसेनासे होतात.
मग मी शाल घेते डोक्यावरून, लॅपटॉपसकट.
लोक म्हणतात, हिशेबनीस बाई आत कुणाशी कुजबुजते?
रंग तर नाहीतच. लाल मोजे विटकरी, जर्दाळू राखेचे.
ह्याहून बरा पडदा होता, चार हजार सोम जास्त.
हिशेबाला कशाला हवेत रंग, म्हटलं मी.

तिलेक दर शुक्रवारी ह्याच पडद्यावर यायचा,
येकातेरिनबर्गहून, गोदामातली पाळी संपवून.
जेवतोस? जेवतो.
झोप? होते.
राखाडी दिसायचा. ह्यात सगळेच राखाडी दिसतात.
असे पाच शुक्रवार.
सहाव्याला बाजारातलं वायफाय गेलं.
शेजारच्या बुरुलचानं तिचा फोन दिला, नवाकोरा,
आणि माझं पोर पिवळं होतं.
डोळ्यांतलं पांढरंसुद्धा.
ओल्या जर्दाळूसारखं.

एकोणीस दिवस इस्पितळात होता.
औषधं, खाटेचे पैसे, सोबत राहिलेल्या मित्राचा बुडालेला रोज,
सगळं ह्याच बटणांवर मांडलं मी.
एक आकडा चुकला नाही.

बरा झाल्यावर एकदा म्हणाला, रागानं नव्हे, सहज,
"आई, मला वाटलं तुला दिसतंय,
आणि तू बोलत नाहीयेस."

तोक्तोसुन म्हणतो, पडदा बदलून मिळतो, सात हजार.
चारचे सात झाले. मांडून ठेवलेत,
कुठल्या खात्यात घालायचे ते ठरत नाही.

तू घे. खरंच घे, पैशाच्या मानानं चांगला आहे,
वर्षानुवर्षं चालेल, पडला तरी उठेल.
फक्त तुझा नवरा ओरेनबर्गला आहे ना,
त्याला आधी विचारत जा, शर्ट कुठल्या रंगाचा घातलास,
मग चेहऱ्याचं विचार.
हसेल तो.
हसू दे. उत्तर घेतल्याशिवाय बंद करू नकोस.

चहा निवला बघ तुझा.