येतीये

चौकीत माझ्याकडे एक टेबल होतं, एक भिंतीवरचं घड्याळ
आणि कार्बन घालून लिहायचं रजिस्टर.
गाडी नंबर, फेरी, सुटली, आली.
पुढं पुढं शेवटच्या दोन रकान्यांत
एकच शब्द मुक्कामाला आला: रद्द.
सकाळी आल्या आल्या लिहून टाकायचो,
वरून खाली, एका दमात,
चादरीला काठ घालावा तसा.

गाड्या होत्या की. डेपोत होत्या, ओळीनं,
विटांवर टेकलेल्या.
एकीचा गिअरबॉक्स दुसरीत,
दुसरीची चाकं तिसरीत.
नदाफ मेस्त्री हात पुसत म्हणायचे,
अकरा मरतात ओ साहेब, तेव्हा एक चालते.

ती एक आम्ही विडी घरकुलकडं धाडायचो.

दुपारी बाया यायच्या कारखान्यात विड्या देऊन,
रिकामं सूप काखेत,
खिडकीशी वाकून: साहेब, बस कवा?
येतीये, म्हणायचो मी.
पोशव्वाला, वस्तुंदि.
गंगव्वाला, बरतैती.
चाँदबीला, आरी, आरी.
चार भाषांत एकच थाप.
म्युनिसिपालटीनं नव्हती शिकवली,
त्या खिडकीनं शिकवली.

मग शेअर रिक्षा यायची, कोंबून न्यायची.
वीस रुपये म्हणजे किती विड्या
ते त्यांना तोंडपाठ.
बालमणी मेरगू तेवढी चढायची नाही.
थांब्याच्या कट्ट्यावर पानं काढायची, दोरा काढायची,
आणि बसल्या जागी वळत राहायची.
तिनं मला कधीच विचारलं नाही.

रिटायर झालो त्या दिवशी
नारळ मिळाला, शाल मिळाली.
चावी दिली, पास जमा केला,
आणि बाहेर येऊन खांबाखाली उभा राहिलो.
खांबावरचा नंबर उन्हानं कधीच खाल्लेला.
अठ्ठावीस वर्षांत त्या बाजूनं
माझीच खिडकी मी पाहिली नव्हती.
केवढीशी.

बालमणीनं सूप मांडीवर ओढलं, जागा केली.
बसा साहेब, म्हणाली. वस्तुंदि.

आणि आली.
खडखडत, एका दिव्याची,
अकरा जणींची हाडं पोटात घेऊन,
कुठल्याच फेरीत न बसणाऱ्या वेळेला.
हात खिशाकडं गेला, पेनासाठी.

कंडक्टर नवा होता, ओळखेना. शंभराचे सुट्टे नव्हते त्याच्याकडं.
तिनं कनवटीचं फडकं सोडलं,
दोघांचे पैसे मोजले
पंचविसाचा कट्टा बांधताना मोजतात तसे,
न बघता.