सहाची घंटा

रुजू झाले त्या रात्री घरडे सर म्हणाले,
"पाहाचं नाही, बारापात्रे. तपासाचं."
म्हणून वर्षभर मी आयर्लंडचा टीव्ही
पाहिला नाही, तपासला.
आयटी पार्कचा तिसरा मजला,
हेडफोनला आधीच्या शिफ्टमधल्या कुणाच्या तरी
खोबरेल तेलाचा वास.

कार्यक्रम कोणत्या सेकंदाला सुरू झाला,
जाहिरात पूर्ण गेली की कापली,
ओठ आणि आवाज सोबत चालतात की नाही.
शेरा: ठीक. शेरा: ठीक.

त्यांच्या संध्याकाळी सहाला पडद्यावर घंटा वाजते.
मिनिटभर नुसती घंटा.
कोणी बाई कप विसळता विसळता थांबते,
कोणी म्हातारा जाळं सांधता सांधता.
आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा.
मी लिहायचे: घंटा, साठ सेकंद, ध्वनी ठीक.

मार्च संपता संपता त्यांनी घड्याळ तासभर पुढे केलं
आणि सहाची घंटा साडेदहालाच वाजू लागली.
आईला सांगितलं तर म्हणाली,
"काहून? सूर्य काय त्यायच्या नोकरीत आहे?"

मे. बाहेर सेहेचाळीस,
कूलरच्या वाळ्याला मध्यरात्रीही तहान,
आणि हवामानवाली बाई काळजीने सांगत होती:
उद्या फार उकाडा, तेवीस अंश,
म्हाताऱ्या माणसांना जपा.
उईके आणि मी इतके हसलो
की एका साबणाची जाहिरात नोंदवायची राहिली.

जूनचं काही आठवत नाही.
जुलैभर माणसं दांडकी घेऊन धावत होती,
विटीशिवायचा विटीदांडू, जीव खाऊन.
मग एका बेटावरचा कोळी बोलायला लागला
त्यांच्याच जुन्या भाषेत,
खाली अक्षरं उमटलीच नाहीत.
रकान्यात लिहिलं: भाषा, इतर.
उईके मागून वाकून म्हणाला,
"आमची गोंडीबी याच रकान्यात राहते बाप्पा,
विचार त्याले, भाडं किती देतो."

ऑगस्टात अकरा सेकंद पडदा काळा.
मी नोंदवलं नाही.
झोपले नव्हते. काळ्या काचेत एक बाई दिसली,
हेडफोन घातलेली, माझ्या आईच्या वयाची,
तिच्याकडे पाहत राहिले.
घरडे सरांनी खुलासा मागितला.
नेटवर्क, असं लिहून दिलं.

पोळ्याच्या पाडव्याला अर्धी रजा काढून
इतवारीत उभी राहिले. पिवळी मारबत डुलत येत होती,
पोट्टे घसा फोडून ओरडत होते,
खोकला घेऊन जा गे मारबत,
महागाई घेऊन जा गे मारबत.
मीही ओरडले: काळा पडदा घेऊन जा गे!
शेजारच्या काकूंना वाटलं, मोतीबिंदू.
त्यांनी डॉक्टरचा पत्ता दिला.

ऑक्टोबरात हवामानवाली बाई निवृत्त झाली.
शेवटच्या दिवशीही तेच:
पाऊस, मग उघडीप, पश्चिमेकडे पुन्हा पाऊस.
मग फुलं घेऊन ती कॅमेऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे,
बघून हसली. लॉगशीटवर थेंब पडला.
सकाळी आईने विचारलं, "कोण गेलं?"
काय सांगणार. नात्यात कुणी नाही.

त्याच आठवड्यात घड्याळ मागे आलं,
घंटा साडेअकराच्या जागी परत.

डिसेंबरात कळलं, काम दुसऱ्या शहरात चाललं.
कुठल्या, ते घरडे सरांनाही माहीत नव्हतं.
एकतीस तारखेची शिफ्ट पहाटे संपली,
खाली ठेल्यावर आम्ही तर्री-पोहे खाल्ले.
साडेपाच वाजले. उईके म्हणाला,
"आत्ता त्यायचं वर्ष बदललं."
आपलं तोवर थोडं मळलंही होतं.

आता दिवसाचं काम आहे, गोकुळपेठेत, पावत्यांचं.
रात्री भांडी माझ्याकडे.
साडेअकराला हात आपोआप थांबतो,
मी नळ बंद करते.
आतून आई विचारते,
"नळ गेले काय वं?"
मी मिनिटभर काही बोलत नाही.