बोटभर जागा

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी गाल्सन आजोबा म्हणाले,
"दाखव बघू तुझी सुरी."
मी ट्रोकार दाखवला. पेनाहून जरासा जाड.
त्यांनी तो दिव्याखाली फिरवला,
टोकावरून अंगठा नेला, मेंढीचे दात तपासावेत तसा,
आणि परत दिला.
"एवढ्यातून तुझा हात जायचा कसा?"

हात जात नाही, म्हटलं. मी बाहेरच असते.

ते गप्प. खिडकीबाहेर अर्वैखेरचं वारं
पत्र्याशी भांडत होतं.

त्यांना काय खुपलं, मला ठाऊक होतं.
मी आठ वर्षांची होते. ह्याच माणसाने
आमच्या नमद्याच्या गेरमागे मेंढी उताणी केली होती,
गुडघ्याने दाबून, तिच्या कानाशी काहीतरी बोलत.
छातीखाली चार बोटं चीर,
मनगट आत, आणखी आत,
आणि न बघता, नुसत्या बोटांनी
कण्यालगतची ती मोठी शीर शोधून
चिमटीत तोडलेली.
दोनदा पाय झाडले तिने.
गवतावर थेंब नाही. भुईला रक्त दाखवायचं नसतं.

शरीरशास्त्र मी तिथे शिकले.
पुस्तकं नंतर आली. रशियन होती.

त्या पुस्तकांच्या काळात आईचं पित्ताशय काढलं.
बरगडीखालून तिरपी, वीतभर.
मोठा सर्जन, मोठी चीर, म्हणायचे तेव्हा.
अख्खा हिवाळा आईने बादली उचलली नाही;
याकी व्याल्या तरी धारा काढायला शेजारणीच.
पुढे थंडी पडली की ती
डगल्यावरूनच व्रण चाचपायची,
दार लावलंय ना, हे बघावं तशी.

आमचा पहिला कॅमेरा जीपमधून आला, मेंढीच्या कातड्यात गुंडाळून.
सराव नूडल्सच्या खोक्यात.
खोक्याला दोन भोकं, आत एक संत्रं,
ते सोलायचं, फोडी न दुखावता.
टोक डावीकडे हवं तर हात उजवीकडे.
तीन महिने मी घरातला चहासुद्धा सांडला.

सकाळी आजोबांच्या पोटात वायू भरला,
पोट गेरसारखं उभं राहिलं
आणि छताच्या गोल झरोक्यातून उतरावा
तसा बेंबीतून उजेड आत गेला.
यकृताची कड. ओला, तपकिरी दगड.
खाली सूज, सगळं एकमेकांना चिकटलेलं,
आणि माझ्या बोटांना काही म्हणजे काही कळेना:
लांब काठीने झोपलेल्या कुत्र्याला चाचपावं, तसं.
चाळीस मिनिटं गेली. तेव्हा कुठे ती बारीक शीर दिसली,
तांबडी, ठोके देणारी.
मीही तिला चिमटीत धरलं.
क्लिप लावली. दुसरी लावली.
मगच कापली.

बाहेर हात धुताना तामिर म्हणाला, ताई,
राजधानीत यंत्र आलंय. पाच-दहा वर्षांत तुम्ही तिथे बसून
इथलं पोट उघडाल.
मग उघडणंही नाही. तोंडातूनच काहीतरी आत सोडायचं,
ते आपलं आपण वाट काढेल.
त्याचे डोळे चमकत होते. चमकू देत.
चार छिद्रांची तीन होतील, एक होईल,
एक दिवस कातडीला काही कळणारच नाही.
मला ते हवंच आहे. आईच्या पोटाची शपथ.
फक्त भूल चढण्याआधी
मी आजोबांच्या कानाशी वाकले होते, काही बोलले होते,
ते चारशे किलोमीटरवरून कोण बोलेल
एवढंच मनात आलं. तामिरला नाही सांगितलं.

तिसऱ्या दिवशी नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून ते निघाले.
खडे मागून घेतले होते, सात,
तपकिरीच्या रिकाम्या कुपीत घातलेले.
रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी ती माझ्यापुढे धरली,
मी रीतीप्रमाणे घेतली, हुंगल्यासारखं केलं, परत दिली.

"हात आत न घालता..." ते म्हणाले,
आणि नातवाने किक मारली, म्हणून ओरडून,
"चांगली कसाई झाली असतीस, पोरी!"

आमच्याकडे याहून मोठं प्रमाणपत्र नाही.