हॉग्नीच्या होडीचा रंग

माझ्या खोलीच्या भिंती राखाडी, छतही.
कामाला बसण्याआधी लाल मफलर बाहेरच्या खुंटीला टांगते,
कापडाचा रंग उडी मारून कागदावर बसतो म्हणून.
तोर्सहाव्हनमध्ये लोक हसतात: बाहेर एवढं धुकं,
आणि ही बाई पैसे मोजून आतही राखाडी करते.

हॉग्नी आला तेव्हा पेनड्राइव्हवर होडीचा फोटो होता
आणि खिशात त्याच होडीची ढलपी.
होडी मोडीत गेलेली. ढलपीवरचा रंग
निळा म्हणावा तर हिरव्याकडे झुकणारा,
बापाने उरल्यासुरल्या तीन डब्यांतून ढवळलेला.
"हाच हवा."

स्क्रीनला मोजणीचं यंत्र चिकटवलं,
तिच्याकडून तिची खोड वदवून घेतली.
चार प्रिंट वाया. पाचवा
पाच हजार केल्व्हिनच्या पेटीत ढलपीला लावून ठेवला,
सांधा दिसेना.
हॉग्नी काही बोलला नाही. पैसे दिले, टोपी घातली.

आठवड्याने फोन: "घरी येऊन बघ."

स्वयंपाकघरात पिवळा बल्ब, भिंत पिस्ता रंगाची.
ढलपी हिरवट झालेली,
आणि माझी होडी जांभळी, कुणा परक्याची.
एका उजेडात सख्खे असलेले दोन रंग
दुसऱ्या उजेडात एकमेकांना ओळख देत नाहीत
हे मी दर हिवाळ्यात शिकवते, तक्त्यांसकट.
"खरा उजेड माझ्या पेटीतला," मी म्हटलं.
"तिथे मी राहत नाही," तो म्हणाला, आणि कॉफी ओतली.

मग मीटर काढला. बल्ब मोजला, भिंत मोजली,
फ्रिजचं दार उघडं ठेवून एकदा, मिटून एकदा.
नवा प्रिंट माझ्या खोलीत शेवाळ धरल्यासारखा दिसत होता.
शिकाऊ बिरिता म्हणाली, "फेकू ना हा?"
त्याच्या घरी, अंधार पडल्यावर,
होडी पाण्यावर होती.
"आणि दिवसा?"
"दिवसा मी खिडकीबाहेर बघतो."

मार्चमध्ये पुन्हा फोन.
"दिवा गेला. तसला आता दुकानात येत नाही.
नवा लावला तर वाटतं,
बापाचाच रंग ढवळताना चुकला."

खणात, कागदांच्या गठ्ठ्यामागे, मी तसले दोन ठेवले होते.
एक खिशात घालून निघाले.
मफलर खुंटीवरच राहिला.