पाठचं मॉडेल

ओइवानं दोन चेनसॉ टेबलावर ठेवल्या,
एक त्याची, एक तौनोची,
आणि टोपी न काढताच म्हणाला,
'दोन्ही मिळून एक कर.'

बाहेर उणे एकोणीस.
तौनोला जाऊन अडीच महिने झाले.
मातीला ओइवा आला होता, शेवटच्या बाकावर बसला होता.
सव्वीस वर्षं भाऊ बोलले नव्हते,
जंगलाच्या एका पट्ट्यावरून,
ज्यातलं एक झाडही दोघांपैकी कुणी पाडलं नाही.

दोन्ही बासष्ट नंबर. रंग तोच, मूठ तीच.
तौनोनं आधी घेतली, ओइवानं पुढच्या हिवाळ्यात.
मधल्या उन्हाळ्यात कंपनीनं
कुणाला न सांगता आतलं बदललं:
पंपाचा स्क्रू तीन मिलिमीटर डावीकडे,
पितळी गिअरच्या जागी प्लास्टिकचा,
कार्ब्युरेटरचं रबर आखूड.
बाहेरून कळत नाही.
खाली तेलात माखलेला एक आकडा असतो,
तो चिंधीनं पुसायचा
आणि मग ठरवायचं, हा थोरला की पाठचा.
बाबा म्हणायचे, पार्ट मागताना नाव सांगू नका,
आकडा सांगा. नावं काय, सारखीच असतात.

मी जमवू लागले.
पिस्टन चालतो. क्लच चालतो, वॉशर काढला तर.
फ्लायव्हील बसतं,
पण परक्याच्या पंगतीत बसल्यासारखं, अवघडून.

मग ओइवाच्या करवतीचा क्लच उतरवला
आणि आत पितळ चमकलं.
थोरल्याचा पंप, पाठच्याच्या पोटात.
त्या तीन मिलिमीटरसाठी
कानशीनं लांबवलेलं भोक,
कडेला बाबांच्या हातची तिरपी घासणी.
तौनोची उघडली.
पंपाची जागा रिकामी,
तोंडाला बर्चच्या लाकडाचं बूच.

गाव हसायचं तौनोला:
कमरेला तेलाची बाटली, दर दोन ओंडक्यांनी थांबून
साखळीवर हातानं तेल सोडायचा.
चिक्कू, म्हणायचे. मशीनवर भरवसा नाही, म्हणायचे.

बाबांची वही अजून फळीवर आहे.
फेब्रुवारी, एक्क्याण्णव:
'ओइवा. पंप गेला. नवा यायला सहा आठवडे.
लाकूड शुक्रवारी पोचवायचंय.
तौनोच्या मशीनमधून काढला. पैसे नाहीत.
सांगायचं नाही.'
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

बाबा नाहीत. तौनो नाही.
न सांगण्याचा शब्द कुणाला परत करायचा,
याची नोंद वहीत नाही.

शनिवारी ओइवा आला.
'जमलं?'
'दोन्हींची एक होणार नाही,' मी म्हणाले.
'आकडे जुळत नाहीत?'
'तसं नाही. ती आधीच झालीय.'
आणि उघडी बाजू त्याच्याकडे वळवली.

त्यानं चष्मा शोधला, सापडला नाही,
म्हणून अंगठ्यानं पाहिलं.
पितळ. मग ते लांबट भोक.
मग दुसरी करवत ओढून घेतली
आणि बूच चाचपत राहिला,
स्टोव्हमधलं लाकूड खाली बसेपर्यंत.
'किती झाले?'
'गॅस्केटचे चार युरो.'
मोजून दिले, सुटे.

झाकण लावून अंगणात नेली, सुरू केली,
बारचं टोक बर्फाकडे धरून वेग दिला.
तेल येतंय का, हे असंच बघतात.
पांढऱ्यावर एक बारीक काळी रेघ उमटली.

ओइवानं दोन हातांत दोन करवती घेतल्या
आणि ती रेघ ओलांडून गेला,
तिच्यावर पाय पडू न देता.