कात्री

गल्ल्याशेजारी दोरीला बांधून ठेवलीय ती,
नाहीतर कुणी मागून नेतं आणि परत आणत नाही.
वसमतच्या मोंढ्यात हळद उतरायला लागली
की तिच्या पात्यांवरही पिवळी पूड बसते.
मी फुंकतो. कापतो.

"मन्मथभाऊ, दोनच द्या. सगळा पत्ता कामून?
आजच्या दिवस पोतं उचलू द्या, बास."
तुळशीराम घुगे, हमाल. घसा असा सुजलेला
की थुंकी गिळतानाही मान वाकडी.
ॲमॉक्सिसिलिनच्या दोन कॅप्सूल.
पेनिसिलिनच्या घराण्यातली ही,
जंतूला स्वतःची भिंत रचू देत नाही,
गवंड्याच्या हातातली वीट काढून घ्यावी तशी.
दुसऱ्या दिवशी घसा उतरायचा,
तुळशीराम पोत्याखाली,
आणि भिंत अर्धी, गवंडी जिवंत.

नावं कुणाला ठाऊक नसतात. रंग असतो, चव असते.
"भाई, वो लोहे के मजे की गोली देव,"
शमीमभाभी म्हणते, आणि मी मेट्रोनिडाझोल काढतो,
आमांशाची; दिवसभर जिभेवर खिळा ठेवल्यासारखी.
सर्दीला लोक तीन दिवसांची अझिथ्रो मागतात.
सर्दी व्हायरसची, तिथं अझिथ्रोचं काही चालत नाही,
हे मला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी माहीत होतं
आणि दुकानाच्या तिसाव्या वर्षीही.
देतो.
कापलेल्या तुकड्यावर एक्सपायरीची तारीख नसते,
ती कायम दुसऱ्या तुकड्यावर राहते.

एकट्या लिंबाजीनं डॉक्सी पूर्ण घेतली होती.
उसाचं पाचट काढून आला तो तापानं फणफणत,
काखेत तलाठ्याच्या शिक्क्याएवढा काळा खपला.
डॉक्टरीणबाईंनी दम दिला होता, म्हणून पूर्ण.

मग मार्गशीर्षात महानंदाला जळजळ सुरू झाली,
दर अर्ध्या तासाला न्हाणीकडे.
दुकान घरचं. सिप्रो नेली,
चार गोळ्यांनंतर बरं वाटलं, बंद.
पुन्हा सुरू. मग सेफिक्झिम. मग सल्फावाली जुनी.
तिसऱ्या आठवड्यात लघवीची बाटली
सकाळच्या गाडीनं नांदेडला पाठवली.

चौथ्या दिवशी कागद आला.
एकाखाली एक नावं, समोर एकेक अक्षर.
आर म्हणजे ऐकत नाही.
एस म्हणजे ऐकतो.
ॲम्पिसिलिन, आर. सल्फा, आर. सिप्रो, आर.
सेफिक्झिम, आर.
माझ्याच फळीचा क्रम होता तो, वरून खाली.
मी रिपोर्ट वाचत होतो की बिलबुक?

हा जंतू तुळशीरामचा नव्हे. घशातले वेगळे, हे वेगळे.
पण ते आपल्यासारखं घर वेगळं मांडत नाहीत.
न मरण्याची युक्ती एकमेकांना देतात,
शेजारीण वाटीभर विरजण देते तशी,
कोण, कुठला, न विचारता.

तळाशी दोनच एस.
एक सलाईनमधून द्यायचं, दवाखान्यात पडून, महागडं.
दुसरी नायट्रोफ्युरँटॉइन.
सगळ्यात खालच्या कप्प्यात सापडली,
खोकल्याच्या बाटल्यांमागे.
ती फक्त लघवीच्या वाटेवर काम करते,
घशाला नाही, तापाला नाही, सर्दीला तर नाहीच,
म्हणून कुणी मागितली नाही,
म्हणून मी कापली नाही,
म्हणून जंतू तिला ओळखत नव्हता.

डॉक्टरीणबाईंना विचारून अख्खा पत्ता घरी नेला.
जेवणानंतर, वेळेवर, शेवटच्या गोळीपर्यंत.
लघवी पिवळीजर्द झाली तशी महानंदा न्हाणीतून ओरडली,
"अवं, मोंढा पोटात उतरला की काय!"
तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली.
मी नाही हसलो लगेच.

काल तुळशीराम आला. "दोनच द्या."
म्हटलं, चिठ्ठी आण, नाहीतर आख्खा पत्ता घे, आधी दवाखान्यात जा.
पुष्कळ बोललो. एवढं मी कधी बोलत नाही.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
उधारी नाकारलेल्या माणसासारखं,
आणि रस्ता ओलांडला.

समोरच्या दुकानातली कात्री
दोरीला बांधलेली नाही.
ती हातातच असते.